एका वेळी एकच जाबिर

बाबांना जे सांगायचं होतं ते त्यांनी चहाचा कप तोंडाला लावायच्या आधीच सांगून टाकलं आणि मग निवांत फुंकर मारत चहा पीत बसले. नातवाचं नाव जाबिर ठेवायचं. संध्याकाळी माणसं जमली की सगळ्यांदेखत जाहीर करायचं. विषय संपला. बाबांची ही जुनी खोड होती. दुसऱ्याच्या घशाखाली घोट उतरायच्या आत काहीतरी टाकायचं आणि स्वतः कप रिकामा होईपर्यंत मान वर करायची नाही.

मधली लेक तेव्हा पुढच्या खोलीत रंगाऱ्याचा खांदा धरून उभी होती. शिडीवरून पडून त्याचा खांदा निखळला होता. हॉस्पिटलात तो जागेवर बसवून झाला होता आणि आता आखडलेला हात मोकळा करायचं काम तिचं होतं. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, नुसता पडदा. त्यामुळे या घरात कुणाची गोष्ट कुणापासून लपत नाही, असं सगळ्यांनाच वाटायचं.

पडद्यापलीकडून बाबांचा आवाज आला आणि मधलीचे हात थांबले.

"काय झालं ताई? हात तुटला की काय माझा?" रंगारी म्हणाला.

"नाही हो. आज इतकंच. संध्याकाळी पाहुणे यायचेत, त्यांच्यासोबत या. तेव्हा पट्टा बदलून देते."

"म्हणजे पेढा मिळणार?"

"खांदा उचलून दाखवलात तर मिळेल."

तो हसत गेला. मधलीने टॉवेल झटकला, कमरेवर हात ठेवून मागे वाकली आणि कण्हली. दिवसभर उभ्याने काम करून तिची कंबर कामातून जायला आली होती. दुसऱ्यांना 'पाठ सांभाळा' म्हणून सांगायची आणि स्वतः पाठीला शेक घेत झोपायची. हाडा-सांध्यांच्या उपचाराचं रीतसर तीन वर्षं शिकून आलेली बाई, पण बसायची सोय नव्हती. म्हणजे तिच्या पायाशीच एक ठेंगणं लाकडी स्टूल होतं, पण त्याच्यावर बसायचं नाही हे घरातलं शेंबडं पोरदेखील जाणून होतं. ते स्टूल जाबिरचं.

ही भानगड आजोबांपासूनची. आजोबांचे वडील धक्क्यावर हमाली करायचे. एकदा फळी सरकून खाली आले आणि पायाचे दोन तुकडे झाले. एका गलबतावर कुणी परदेशी माणूस होता, त्याला हाडं बसवायची विद्या येत होती. त्याने पाय बसवला, पाय सांधेपर्यंत रोज येऊन पाहिला, आणि या हमालाचा हात हलका आहे म्हणून त्याला ती विद्या दिली. मोबदला विचारला तर हसला. नाव विचारलं तर 'जाबिर' म्हणाला. एके दिवशी गलबत निघून गेलं आणि तोही गेला. पुढे हमालाला मुलगा झाला, त्याचं नाव त्याने जाबिर ठेवलं. तेच हे आजोबा. दारावरच्या पाटीवर त्यांचंच नाव आणि स्टूलही त्यांचंच. त्यांनीच नियम घालून दिला की घरात जाबिर एका वेळी एकच. नाव मोकळं झाल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि ज्याचं नाव त्याचंच स्टूल.

आजोबा दीर्घायुषी निघाले. त्यामुळे बाबांना नाव मिळालं नाही. आजोबा गेले त्याच वर्षी थोरला जन्मला आणि नाव बाबांच्या डोक्यावरून उडी मारून त्याच्याकडे गेलं. बाबा आयुष्यभर त्या पाटीखाली उभ्याने हाडं बसवत राहिले, आधी बापाचं स्टूल म्हणून, मग मुलाचं स्टूल म्हणून. म्हातारपणी त्यांची पाठ धनुष्यासारखी झाली ती काही उगाच नाही.

आणि थोरला घर सोडून गेला त्याला आता चौदा-पंधरा वर्षं होत आली होती.

मधली पडदा सारून आत गेली तेव्हा आईने अजून तोंड उघडलं नव्हतं. ती पट्ट्यांना गुंडाळायच्या कापसाच्या घड्या शिवत बसली होती. हाड धरून ठेवायला ज्या लाकडी पट्ट्या बांधतात त्या टोचू नयेत म्हणून त्यांना असा मऊ अंगरखा लागतो. लग्न होऊन आली तेव्हापासून आई ते शिवत होती. सुई आत-बाहेर, आत-बाहेर. धाकटा खिडकीशी उभा होता. त्याची बायको, घरची सून, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाबांची बहीण, सगळ्यांची आत्या, सकाळीच येऊन खुर्ची अडवून बसली होती, आणि ती गप्प होती म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"छान नाव आहे की," शेवटी आत्याच म्हणाली. "भाऊ, चांगलं केलंस. पाटीपण नवी करायला नको."

"वन्सं," आई सुईवरची नजर न काढता म्हणाली, "नाव रिकामं आहे का?"

सुनेने बाळाचं दुपटं सारखं केलं.

"चौदा वर्षं," बाबा म्हणाले. "एक पत्र नाही. एक फोन नाही. माणूस असता तर एकदा तरी आठवण झाली असती."

"असता तर?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मग कसं म्हणालात? नाव मोकळं कधी होतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या वडिलांनी मला या घरात आल्या आल्या सांगितलं होतं. तुम्ही आज पेढे वाटून माझ्या मुलाला मारून टाकणार आहात, आणि मी पाहुण्यांना चहा द्यायचा?"

"अगं, कुणी मारत नाही त्याला!"

"तेच करताय. हात जोडून करताय एवढंच."

मधली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. थोरला जिवंत होता, चांगला धडधाकट होता, आणि हे या घरात एकट्या तिला माहीत होतं.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला होता. आधी नुसता श्वास, मग "मधले, मी." ती ट्रेनिंगचं निमित्त करून त्याच्या गावाला गेली. एका बेकरीच्या मागच्या दाराने त्याने तिला आत घेतलं. कोपरापर्यंत पीठ, भट्टीच्या धगीने लाल झालेलं तोंड, डोक्यावरचे केस अर्धे गेलेले. दोघं बहीणभाऊ पिठाच्या पोत्यांवर बसून रडले आणि मग रडण्याचं हसू झालं. "हाडांचं काम नको आता," तो म्हणाला होता. "पिठाला कितीही दाबलं तरी ते मोडत नाही बघ." निघताना त्याने तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "आईला सांगू नकोस. मी येईन तेव्हा माझ्या पायाने येईन. आणि बाबांना तर मुळीच नको." मधलीने शपथ घेतली. तेव्हापासून आईच्या समोर बसून जेवताना तिला घास गिळवत नव्हता.

आता बोलली तर शपथ मोडणार, आणि थोरला पुन्हा पळाला तर तो कायमचा. नाही बोलली तर संध्याकाळी आईच्या डोळ्यांदेखत त्याचं नाव दुसऱ्याला जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" सुनेने विचारलं.

"मला?" मधली दचकली. "मला काय वाटायचंय. बाळ तुमचं आहे."

"बाळ आमचं, पण नाव सगळ्यांचं दिसतंय," सून म्हणाली. ती दीडच वर्षापूर्वी या घरात आली होती आणि तिला अजून प्रश्न विचारायची सवय होती. "मला नाव आवडलंय. पण मला कुणी त्याचा अर्थच सांगत नाही. विचारलं की सगळे म्हणतात, 'ते आपल्या घरातलं आहे.' हा काय अर्थ झाला?"

"अर्थ सांगायला मास्तरांना बोलावलंय," बाबा म्हणाले. "ते संध्याकाळी सगळ्यांना सांगतील."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," आत्या फिसकन हसली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हसू पदराआड ढकललं.

"धाकट्या, तू बोल," आई म्हणाली. "तुझा मुलगा आहे."

धाकटा खिडकीतून वळला. त्याचा उजवा हात नेहमीसारखा कोपरात दुमडलेला होता. तो हात सरळ होत नसे. शर्टाचं वरचं बटण लावायला तो अजून डावा हात वापरायचा. आईला वाटत होतं, तो तिच्या बाजूने बोलेल. मधलीलाही वाटत होतं.

"देऊन टाकू नाव," धाकटा म्हणाला.

आईची सुई थांबली.

"दादा येणार असता तर आला असता, आई. किती वर्षं त्या स्टुलाला वळसा घालून चालायचं आपण? ताईची कंबर गेली. बाबांची पाठ गेली. कुणीतरी बसू दे एकदाचं. माझा मुलगा बसेल."

"तो मोठा होईपर्यंत?"

"तोपर्यंत ताई आहेच की."

हे त्याने किती सहज म्हटलं! मधलीला हसावं की रडावं कळेना. ताई आहेच. ताई उभी आहेच. आधी भावाची जागा राखली, आता भाच्याची राख. म्हातारी होईपर्यंत उभी राहा आणि मग एका पोराला स्टुलावर बसवून बाजूला हो. तिला पहिल्यांदा स्पष्ट राग आला, आणि राग कुणावर धरावा तेही समजेना, कारण धाकट्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो खरंच तिचा विचार करून बोलत होता.

"तुझ्या हाताचा राग आहे तुला," आई धाकट्याला म्हणाली. "मला कळतं. पण त्याचा सूड असा नको घेऊस."

"मला दादाचा राग कधीच नव्हता!" धाकट्याचा आवाज चढला. बाळ दचकून कुरकुरलं. "हे तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मला कुणी विचारलं?"

"मग कुणाचा होता?" आत्याने आगीत तेल ओतलं.

धाकट्याने नुसतं बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

नेमक्या याच वेळी पुढून खाकरण्याचा आवाज आला. मास्तर. त्यांना संध्याकाळी बोलावलं होतं, पण निवृत्त झाल्यापासून ते सगळीकडे वेळेआधी पोहोचायचे. त्यांनी आयुष्यभर पोरांना भाषा शिकवली होती आणि दोन-चार परक्या भाषा स्वतः हौसेने शिकले होते. शब्द दिसला की तो उकलून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"काय वैद्यराज, बाळ कुठंय?" ते आत आले, सगळ्यांचे चेहरे पाहून थबकले. "मी नंतर येऊ का?"

"नाही नाही, बसा," बाबा घाईने म्हणाले. त्यांना आयता आधार मिळाला होता. "आत्ताच सांगा. नाव काय मोलाचं आहे ते घरच्यांना कळू दे. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, पण हे नाव तसं नाही."

मास्तरांना तेवढंच हवं होतं. ते बसले, चष्मा पुसला.

"फार जुनं अरबी नाव आहे. मूळ शब्द जब्र. मोडलेलं हाड पुन्हा जागेवर बसवणं म्हणजे जब्र. ते करणारा तो जाबिर. सांधणारा."

"बघा!" बाबा म्हणाले. "आपलंच काम! त्या गलबतावरच्या माणसाचं नावच ते होतं, आणि कामही ते!"

"पुढचं ऐका. मोडलेल्या माणसाला धीर देणारा, पडलेल्याला उभा करणारा, त्यालाही जाबिर म्हणतात. आणि गणितात अल्जिब्रा म्हणतात ना, तोही याच मुळातला. हिशेबात जी रास तुटून उणी झाली ती परत भरून जागेवर बसवायची, म्हणून त्या गणिताचं नाव तसं."

"अय्या," सून म्हणाली, "मी त्याच्यात नापास झाले होते." आणि बाळाच्या गालावर बोट फिरवून म्हणाली, "हा नाही होणार."

"त्याच मुळात आणखी एक अर्थ आहे," मास्तर म्हणाले. "बळ लावणं. भाग पाडणं. हाड बसवायचं तर जोर लावावा लागतोच ना? आपल्याकडे तो शब्द लांबचा प्रवास करून आला. जबरी. जबरी चोरी म्हणतो ना, त्यातलं. गंमत बघा, आपल्याकडे येताना जोर तेवढा आला आणि सांधणं तिकडेच राहून गेलं."

ते हसले, पण कुणीच हसलं नाही. त्यांना काय ठाऊक, त्यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं ते.

मधलीच्या डोळ्यांपुढे ती दुपार जशीच्या तशी उभी राहिली. धाकटा दहा-अकरा वर्षांचा, भिंतीवरून पडलेला, कोपर सुजून टम्म. थोरला स्टुलावर बसलेला, त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ती धाकट्याचे खांदे धरून. थोरला म्हणाला होता, "बाबा, हे निखळलेलं वाटत नाही. आत मोडलंय. हाडाचा फोटो काढून आणू या." आणि बाबा त्याच्या मागे उभे राहून म्हणाले होते, "जाबिर आहेस ना? या स्टुलावर बसलेल्या माणसाने कधी फोटो काढला नाही. जोर लाव. नावाला जाग." थोरल्याने जोर लावला. धाकट्याची ती किंकाळी. नंतर हॉस्पिटल, ऑपरेशन, आणि कायमचं वाकडं कोपर. त्या रात्री बाबा म्हणाले, "हे नाव तुझ्यावर वाया गेलं." सकाळी थोरला नव्हता.

तेव्हापासून फोटो पाहिल्याशिवाय या घरात कुणी हाडाला हात लावला नाही. बाबा तेवढं मुकाट शिकले होते. बोलून मात्र काही दाखवलं नव्हतं.

"मास्तर," आई म्हणाली, "मला एक सांगा. जिवंत माणसाचं नाव काढून घेता येतं का?"

मास्तर गडबडले. "वहिनी, मी अर्थ सांगू शकतो. हक्काचं तुम्ही ठरवायचं."

"नाही येत ना?"

"पुरे!" बाबा कडाडले. "तुझ्या हट्टापायी हे घर चौदा वर्षं पाय आखडून बसलंय. ज्याला नाव पेलवलं नाही तो निघून गेला!"

"ज्या गलबतवाल्यावरून हे नाव आलं तो तरी कुठे घरी राहिला होता? तोही निघूनच गेला. त्याच्याच नावाची पाटी आहे तुमच्या दारावर. माझ्या मुलाला नाव पेलवलं नाही म्हणता, तुम्हाला ते न मिळालेलं तरी कुठे पेलवलं?"

बाबांच्या तोंडाचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत हे कुणी उच्चारलं नव्हतं. आत्यासुद्धा भावाकडे न बघता पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली.

मास्तर भला माणूस. वातावरण हलकं करावं म्हणून ते लगबगीने म्हणाले, "एक गोड गोष्ट राहिलीच सांगायची. जुन्या अरबी कोशांत आहे. तिकडचे लोक रोटीला लाडाने एक नाव ठेवायचे. जाबिर बिन हब्बा. हब्बा म्हणजे दाणा. दाण्याचा लेक जाबिर. भुकेने मोडलेल्या माणसाला जी परत सांधते ती रोटीच ना? म्हणून तिचं नाव..."

मधलीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आधी सगळ्यांना वाटलं ती हसली. मग दिसलं की तिचे डोळे वाहत होते आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबत होती. कोपरापर्यंत पीठ माखलेला तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. नाव टाकून पळाला म्हणे! पळून पळून जाबिर जाबिरकडेच गेला होता.

"ताई?" धाकटा पुढे आला.

"तो पाव भाजतो," मधली म्हणाली.

"कोण?"

"दादा. बेकरीत आहे. पहाटे उठून पाव भाजतो. आई, तो बरा आहे. मी बघून आलेय."

बाळ एकटं हुंकार देत होतं. आईने हातातलं शिवण बाजूला ठेवलं, उठली, मधलीजवळ आली. मधलीला वाटलं आई मिठी मारेल. आईने तिच्या मुस्काटात मारली.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी..."

"वर्षभर माझ्यासमोर जेवत होतीस तू."

"शपथ घातली होती त्याने."

"मी रोज झोपताना विचार करायची की त्याला जमिनीत पुरलं असेल की पाण्यात टाकलं असेल. आणि तू पलीकडच्या अंथरुणावर."

मधलीचा गाल जळत होता. सगळ्या घरात आईच्या बाजूची म्हणून ती एकटी होती, आणि आता तीही उरली नव्हती.

"वहिनी, पोरगी काय करणार हो," चक्क आत्या म्हणाली. सकाळपासून तिची तीनदा बाजू बदलून झाली होती, पण या वेळी तिच्या आवाजात खोडी नव्हती. "शपथ घालणारा मोकळा आणि पाळणारीच्या गळ्याला फास. आणि मुलगा सापडलाय ना? मारायचं नंतर मारा. आधी विचारा तरी कसा आहे."

आई तशीच उभी राहिली. मग एकदम खाली बसली. मधली तिच्याशेजारी बसली, हात लावायचं धाडस न करता.

"बारीक झालाय?" आईने विचारलं.

"उलट पोट सुटलंय."

"आणि?"

"केस गेलेत."

"माझ्या बापाचे असेच गेले होते." आईने नाक पुसलं. "त्याच्या हातचं खाल्लंस?"

"हो."

"कसं होतं?"

"मला बघून रडत बसला. पाव खालून करपले सगळे."

आई हसली. हसता हसता रडली आणि मधलीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "उद्या पहिल्या गाडीने जाते मी. तू नेणार आहेस. त्याची शपथ मोडलीस, आता सांधायचंही तूच."

बाबा अजून भिंतीशीच उभे होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. धाकटा त्यांच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, दादा त्या दिवशी नको म्हणत होता. मी ऐकलंय. माझाच हात होता ना तो."

"मीही ऐकलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी धाकट्याचं दुमडलेलं कोपर चाचपलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. वैद्यासारखं नाही, आंधळ्याने भिंत चाचपावी तसं. मग आईकडे वळून म्हणाले, "उद्या... मी येऊ का?"

"त्याला विचारते," आई म्हणाली. "तो हो म्हणाला तर पुढच्या वेळी."

बाबांनी मान हलवली. "नाव त्याचंच राहू दे."

"मग बाळाचं?" सुनेने विचारलं.

"तुला काय आवडतं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "मला वेळ द्या," ती म्हणाली. "आणि अर्थ मी मास्तरांना आधी विचारणार."

पाहुणे आले. चहा झाला, पेढे झाले. नाव अजून ठरायचंय, असं आत्याने सगळ्यांना इतक्या तोऱ्यात सांगितलं की जणू तिनेच ते अडवून धरलं होतं. रंगारी पट्टा बदलायला पुढच्या खोलीत जाऊन बसला. मधली तोंड धुऊन आली. त्याच्या खांद्याचा पट्टा सोडून ती वाकली तशी कमरेत कळ आली आणि तिने ओठ चावला.

मागे काहीतरी घासल्याचा आवाज आला. बाबा पायाने स्टूल पुढे ढकलत होते.

"बस."

"बाबा, ते दादाचं आहे."

"नाव त्याचं. स्टूल कामाचं. उभ्याने काम करून मी काय मिळवलं? बस म्हणतो ना."

पडद्याशी आई येऊन उभी होती. तिच्यामागे धाकटा, सून, आत्या. मधलीने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली.

मधली बसली, आणि स्टूल एका अंगाला कलंडलं. तिने घाबरून रंगाऱ्याचा गुडघा धरला. एक पाय बोटभर आखूड होता. घासून आखूड झाला की पहिल्यापासूनच तसा होता, कुणाला सांगता येणार? थोरला गेल्यापासून त्याच्यावर कुणी बसलंच नव्हतं.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "हे तर लंगडं आहे!"

रंगारी आधी हसला, मग सगळं घर हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी फळीवरची एक लाकडी पट्टी घेतली आणि पाठ दुखत असताना हळूहळू गुडघ्यांवर खाली बसले. लेकीच्या पायाशी वाकून त्यांनी ती पट्टी स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली, थोडी काढली, पुन्हा सरकवली.

"आता हलतंय का?" त्यांनी विचारलं.

"अजून जरा," मधली म्हणाली.

बाबांनी पट्टी आणखी थोडी आत सरकवली. या वेळी जोर न लावता.